इंग्लंडमधील जीपी दवाखान्यांची तपासणी

इंग्लंडमध्ये रहिवासी सहसा घराजवळच्या जीपी (जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे फॅमिली डॉक्टर) दवाखान्यात नाव नोंदवतात. डॉक्टरांची भेट मोफत असते आणि तज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठीही बहुधा तिथूनच मिळते. या दवाखान्यांचा दर्जा केअर क्वालिटी कमिशन हा २००९ साली सुरू झालेला नियामक तपासतो. सेवा सुरक्षित, परिणामकारक, आपुलकीची, रुग्णाच्या गरजेला तत्पर आणि सुव्यवस्थित आहे का, हे पाहून ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरी’पर्यंत चारपैकी एक श्रेणी दिली जाते. ती दवाखान्यात ठळकपणे लावावीच लागते. लसींच्या फ्रिजचे तापमान, धोक्याची औषधे घेणाऱ्यांच्या रक्तचाचण्या असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतच खरी परीक्षा होते. रुग्णांचे मत दरवर्षी वेगळ्या सर्वेक्षणातून घेतले जाते. फोन सहज लागतो का, हा त्यातला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न.