कुसळ धरण्याआधी विळा

भाद्रपदात कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या आसपासचे माळ आणि डोंगरउतार हिरवेगार असतात. गुरं पोटभर चरतात, कासेला दूध चढतं. दिवाळी सरते आणि त्याच उतारांवर गुडघाभर पिवळं गवत उभं असूनही गाय दुधाला कमी होते. चारा आहे, दूध नाही. याचं उत्तर गवताच्या वयात आहे.

माळरानावरची बहुतेक गवतं मका, ज्वारी आणि ऊस यांच्याच पद्धतीनं अन्न तयार करतात. वनस्पतिशास्त्रात तिला ‘सी-४’ म्हणतात. कडक उन्हात, बेताच्या पाण्यावर ती झपाट्यानं वाढतात, पण तितक्याच झपाट्यानं राठही होतात. काडीत लिग्निन साचतं. फुलोऱ्याच्या सुमारास मारवेल किंवा पवन्यात सात-आठ टक्के प्रथिनं असतात. बी झडून गवत वाळलं की ती तीन टक्क्यांच्या आसपास येतात. आता गाय काही स्वतः गवत पचवत नाही. तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात आणि त्यांना नत्र लागतं. चाऱ्यातली प्रथिनं साधारण सात टक्क्यांखाली गेली की ते मंदावतात, चारा पोटात रेंगाळतो आणि गाय खाणंच कमी करते. गव्हाणीत ढीग, गाय अर्धपोटी.

दूधधंद्यात निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो. त्यामुळे विळा कोणत्या आठवड्यात चालला यावर बराचसा नफा ठरतो. रिवाज दसरा-दिवाळीनंतर कापायचा, आणि तो काही अडाणीपणा नव्हे: पावसात कापलेलं गवत काळं पडतं, बुरशी धरतं. पण फुलोरा येताच, चार दिवसांची उघडीप साधून कापलं आणि पातळ पसरून वाळवलं, तर तेच गवत बऱ्याच मोलाचं होतं. सगळा माळ मात्र एकदम कापू नये. आलटून पालटून एक पट्टा बी पडेपर्यंत राखला नाही, तर मारवेल-पवन्या विरळ होतात आणि कुसळीचं फावतं.

कुसळीचं बी जवळून पाहण्यासारखं आहे. पुढे सुईसारखं टोक, मागे लांब, पीळ घातलेलं कुसळ. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या गिरक्यांनी बी जमिनीत शिरतं. मेंढीच्या कातडीत आणि बैलाच्या तोंडातही ते असंच घुसतं. कोवळेपणी मात्र हेच गवत गुरं आवडीनं खातात.

नेपियरच्या कांड्यांचा गाजावाजा गावोगाव आहे. विहिरीला पाणी असेल त्यानं ते जरूर लावावं. पण कोरडवाहू शेतकऱ्याचा फुकटचा चारा डोंगरावर आहे, आणि त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

दुसरा प्रश्न गुरांच्या संख्येचा. ऑस्ट्रेलियातल्या जोन्स आणि सँडलंड या शास्त्रज्ञांनी 1974 साली अनेक चराई-प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली. कुरणावर जनावरं वाढवत गेलं की प्रत्येकाची वजनवाढ सरळ रेषेत घटते. हेक्टरी एकूण वाढ मात्र आधी चढते, शिखर गाठते आणि मग कोसळते. ज्या संख्येला गुरांचं वजन जेमतेम टिकतं, तिच्या निम्म्यावर हे शिखर असतं. प्रत्येक जनावराचा खर्च धरला तर फायद्याचा आकडा त्याहूनही खाली येतो. गायरानावर हे गणित कुणी मांडत नाही, कारण वाढीव गायीचं दूध एकाचं आणि उजाड होणारं गवत सगळ्यांचं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ते मांडलं. पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले. त्यानंतर गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. गुरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत कापून गोठ्यात आणायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावातून रोज सुमारे 150 लिटर दूध निघे, ते पुढे 4,000 लिटरवर गेलं. यात पाणलोटाच्या कामांचा आणि चांगल्या जनावरांचाही वाटा आहे. नुसत्या बंदीनं दूध वाढत नाही.

गवतात प्रथिनं कमी पडतात तिथे शेंगवर्गीय झाडं मदतीला येतात, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र पकडतात. माळावर स्टायलो पेरता येतो, बांधावर सुबाभूळ. सुबाभळीत मात्र मिमोसिन हे विष असतं; ती जास्त खाल्ली तर केस गळतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात गुरं तिनं आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या मजेत खात. याच जोन्स यांना शंका आली की फरक पोटातल्या जीवाणूंचा असावा. 1980च्या दशकात हवाईतले सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले, तेव्हा त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. त्या जीवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं: सिनर्जिस्टिस जोन्सिआय. आपल्या गोठ्यात मात्र सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवलेला बरा, आणि तोही सवय लावत, थोडा थोडा वाढवत.