लाळग्रंथींचे विकार : दुर्बिणीद्वारे निदान व उपचार

जेवताना जबड्याखाली किंवा कानापुढे एकाएकी सूज येते, ठणका लागतो आणि जेवणानंतर काही वेळाने दोन्ही ओसरतात. अशा रुग्णास बहुधा दाढदुखीचा किंवा गालगुंडाचा संशय येतो. वस्तुतः लाळेच्या नलिकेत अडथळा असल्याचे हे प्रमुख लक्षण होय.

खडे का होतात?

कानापुढे, खालच्या जबड्याखाली व जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन मुख्य जोड्या असतात. त्यांतून दररोज सुमारे १ लिटर लाळ बारीक नलिकांवाटे तोंडात येते. लाळेतील कॅल्शियमचे क्षार साचून नलिकेत खडा बनतो. सुमारे ८० टक्के खडे जबड्याखालील ग्रंथीत आढळतात. कारण तेथील लाळ दाट असते व नलिका लांब असून वर चढत जाते. काही रुग्णांत खडा नसतो, तर नलिकाच अरुंद झालेली असते.

जुनी व नवी पद्धती

खोलवरच्या खड्यासाठी पूर्वी बहुधा संपूर्ण ग्रंथीच काढून टाकीत. चेहऱ्याची हालचाल घडविणारा मज्जातंतू कानापुढील ग्रंथीतूनच जात असल्याने त्यास इजा होण्याची भीती असे. १९९१ मध्ये फ्रान्समधील डॉ. फिलिप काट्झ यांनी लाळनलिकेच्या दुर्बीण-तपासणीची माहिती प्रसिद्ध केली. पुढे जिनिव्हा येथील डॉ. फ्रान्सिस मार्शाल आदींनी ही पद्धती विकसित केली.

या पद्धतीत नलिकेचे मुख हलकेच रुंद करून सुमारे १ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत सरकवितात. क्षारजलाच्या प्रवाहाने नलिका फुगते व आतील दृश्य पडद्यावर दिसते. क्ष-किरण चित्रात न उमटणारे खडेही त्यामुळे आढळतात. साधारणतः ३ ते ४ मिलिमीटरपर्यंतचा सुटा खडा तारेच्या सूक्ष्म टोपलीत पकडून बाहेर काढतात. काही मोठे खडे लेसरने फोडता येतात. अरुंद नलिका रुंद करणे व ती धुऊन औषध सोडणे हेही त्याच वेळी साधते. बाहेरून छेद नसतो आणि ग्रंथी शाबूत राहते.

मर्यादा व दक्षता

तीव्र जंतुसंसर्ग असल्यास आधी औषधोपचार करावे लागतात. मोठ्या, रुतलेल्या खड्यासाठी तोंडातून छेद द्यावा लागतो. न दुखणारी व सतत वाढणारी गाठ अर्बुदाची असू शकते. तिची तपासणी निराळी असून तीत विलंब करू नये.

भरपूर पाणी पिणे, ग्रंथीवर शेक देऊन हलके चोळणे व आंबट पदार्थ चघळणे यांनी लहान खडे कधी कधी आपोआप बाहेर पडतात. तथापि सूज पुन्हा पुन्हा येत असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून सोनोग्राफीसह तपासणी करून घ्यावी. मुलांच्या बाबतीत शिक्षकांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. गालगुंड बहुधा आयुष्यात एकदाच होतात. एकाच मुलाचा गाल वारंवार सुजत असेल, तर दर वेळी गालगुंडाचे निदान गृहीत न धरता पालकांना त्यास डॉक्टरांकडे नेण्यास सांगावे.