मेटलच्या गदारोळात लोकधून

कानठळ्या बसवणारे संगीत, एवढीच हेवी मेटलची ओळख असणाऱ्यांना त्यातील ‘फोक मेटल’ आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ हे दोन प्रवाह चकित करतात. विस्मृतीत चाललेल्या भाषा, कथा आणि वाद्ये या प्रवाहांमुळे नव्या पिढीच्या कानांवर पडत आहेत. मात्र लोकपरंपरेचा आधार घेणे आणि तिचा नुसता मुलामा चढवणे, यातील फरक ओळखणे श्रोत्यालाच भाग आहे.

या संगीताच्या एखाद्या चाहत्याला त्याच्या आवडत्या कलाकारांची नावे विचारली, तर स्वीडनचा ओपेथ, फिनलंडचा अमॉर्फिस, इस्रायलचा ऑर्फन्ड लँड, स्वित्झर्लंडचा एल्युवेटी आणि अलीकडच्या काळात मंगोलियाचा ‘द हू’ ही नावे त्यात येण्याची शक्यता मोठी. देश वेगळे, भाषा वेगळ्या, वाद्येही वेगळी. तरीही ही सारी मंडळी एकाच यादीत गुण्यागोविंदाने नांदतात, याला कारणे आहेत.

दोन प्रवाह, एक संगम

प्रोग्रेसिव्ह रॉकचा उगम १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये झाला. तीन-चार मिनिटांच्या गाण्याची ठरलेली चौकट मोडावी, एकाच रचनेत अनेक वळणे घ्यावीत आणि संपूर्ण अल्बम एका कल्पनेभोवती गुंफावा, ही त्यामागची प्रेरणा होती. किंग क्रिम्झनचा १९६९ मधील ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ हा या वाटेवरील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. इयन अँडरसनच्या बासरीमुळे ओळखल्या जाणाऱ्या जेथ्रो टल या बँडने ‘साँग्ज फ्रॉम द वुड’ (१९७७) मध्ये इंग्लिश लोकसंगीताशी थेट नाते जोडले. पुढे अमेरिकेच्या ड्रीम थिएटरने ‘इमेजेस अँड वर्ड्‌स’ (१९९२) द्वारे हीच विस्तारशील रचनापद्धती मेटलमध्ये लोकप्रिय केली.

फोक मेटल त्यानंतरचे. इंग्लंडच्या स्कायक्लॅडने १९९१ मधील आपल्या पहिल्याच अल्बममध्ये मेटलच्या गिटारींबरोबर व्हायोलिनवर लोकनृत्याची चाल वाजवली. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनच्या बाथोरीने ‘हॅमरहार्ट’मध्ये व्हायकिंग काळातील कथांना मेटलचा साज चढवला होता. थोडक्यात सांगायचे तर प्रोग्रेसिव्ह हा प्रश्न प्रामुख्याने आकृतिबंधाचा आणि फोक मेटल हा आशयाचा. दीर्घ कथा सांगायची तर दीर्घ आकृतिबंध हवा, म्हणूनच हे दोन प्रवाह वारंवार एकमेकांना येऊन मिळतात.

षड्ज-पंचमाचे नाते

लोकधून आणि मेटल हे मिश्रण वरवर विजोड वाटते. प्रत्यक्षात त्यामागे संगीतशास्त्राचे सरळ कारण आहे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज डिस्टॉर्शनने मुद्दाम खरखरीत केला की प्रत्येक स्वराबरोबर असंख्य उपस्वर उसळतात. अशा वेळी षड्ज, गंधार आणि पंचम हे तिन्ही स्वर एकत्र छेडले तर उपस्वरांची टक्कर होऊन नाद गढूळ होतो. त्यामुळे मेटलचे वादक बहुधा गंधार वगळतात आणि केवळ षड्ज-पंचमाची जोडी वाजवतात. यालाच ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात.

गंधार शुद्ध की कोमल, हे गिटारने ठरवलेले नसल्यामुळे वरून वाजणाऱ्या चालीला मोकळे रान मिळते. तानपुऱ्याच्या षड्ज-पंचमावर यमनही रंगतो आणि दरबारीही, तसाच हा प्रकार. अरबी मकामांतील, पियानोच्या पट्ट्यांवर न सापडणारे स्वर ऑर्फन्ड लँडच्या संगीतात परके वाटत नाहीत, ते याचमुळे. एल्युवेटीच्या रचनांत वाजणाऱ्या हर्डी-गर्डी या वाद्यात राळ लावलेले चाक हाताने फिरवून तारा घासल्या जातात. त्यातील काही तारा सतत एकच स्वर धरून ठेवतात. गोंधळात तुणतुणे जे काम करते, तेच हे काम.

लयीचेही तसेच आहे. प्रोग्रेसिव्ह संगीतातील पाच किंवा सात मात्रांची आवर्तने पाश्चात्त्य श्रोत्याला अवघड वाटतात. पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ हे गाणे बव्हंशी सात मात्रांत चालते, याचे तिकडे मोठे अप्रूप. रूपक तालाची सवय असलेल्या कानांना मात्र त्यात काही विपरीत वाटणार नाही. फिनलंडच्या पारंपरिक काव्यगायनातही पाच मात्रांच्या चाली आढळतात. म्हणजे ज्याला ‘प्रगत’ म्हटले गेले, ते लोकसंगीतात पूर्वापार नांदत होते.

भाषा हाच कणा

फिनलंडचे उदाहरण या साऱ्याच्या केंद्रस्थानी आहे. एलियास ल्योनरोट या वैद्याने गावोगाव हिंडून मौखिक गीते गोळा केली आणि त्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. त्याची पहिली आवृत्ती १८३५ मध्ये आणि विस्तारित आवृत्ती १८४९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता आणि शिकलेल्या वर्गाचा व्यवहार स्वीडिश भाषेत चाले. फिनिश भाषेला आत्मविश्वास देण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा होता. देश १९१७ मध्ये स्वतंत्र झाला. १९९४ मध्ये अमॉर्फिसने ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ हा अल्बम याच कालेवालावर बेतला. शब्द इंग्रजी, गायन बरेचसे गुरगुरणारे, पण कथा त्याच मातीतल्या. ल्योनरोटच्याच ‘कांतेलेतार’ या गीतसंग्रहावर त्यांनी १९९६ मध्ये ‘एलेजी’ रचला.

एल्युवेटीचा प्रयोग त्याहून धाडसी आहे. क्रिगेल ग्लान्झमन यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या या बँडने अनेक गाणी गॉलिश भाषेत रचली. शतकानुशतके कोणाच्या तोंडी नसलेली ही भाषा शिलालेखांच्या आणि त्रोटक उल्लेखांच्या आधारे जुळवावी लागते. त्यांच्या ‘इनिस मोना’ (२००८) या गाण्याची चाल मात्र ब्रिटनी प्रांतातील एका जुन्या खलाशीगीताची आहे. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांच्या ‘ट्युर’ या बँडने बेटांवरील पारंपरिक पोवाडे मेटलमध्ये आणले. हात धरून गोल फेर धरत, कोणत्याही वाद्याविना गायल्या जाणाऱ्या या दीर्घ गीतांनी तेथील छोट्याशा समाजाची भाषा जिवंत ठेवली होती.

वारसा कोणाचा?

मुळांचा शोध नेहमीच निरुपद्रवी असतो, असे नाही. ‘आपल्या पूर्वजांचे वैभव’ गाता गाता काही युरोपीय बँड उघड वंशवादाकडे झुकले, हा या प्रवाहाचा काळा इतिहास आहे. त्यामुळेच ऑर्फन्ड लँडचे वेगळेपण उठून दिसते. कोबी फरही यांच्या नेतृत्वाखालील या बँडने हिब्रू, अरबी आणि इंग्रजी या भाषा एकत्र आणल्या. त्यांचा ‘मबूल’ (२००४) हा अल्बम जलप्रलयाच्या कथेतून तीन धर्मांचे बंधुत्व सांगतो. २०१३ मध्ये खलास या पॅलेस्टिनी बँडबरोबर त्यांनी युरोपचा दौरा केला. संगीताने युद्ध थांबत नाही, हे पुढील वर्षांनी दाखवून दिले. तरीही वारसा हा भिंतीऐवजी ओटाही होऊ शकतो, एवढे त्यातून दिसले.

मंगोलियात साम्यवादी राजवटीच्या काळात चंगीझ खानाच्या गौरवावर बंधने होती. त्या देशातील ‘द हू’ हा बँड २०१६ मध्ये उभा राहिला. मोरिन खूर हे घोड्याचे शिर कोरलेले दोन तारांचे वाद्य आणि एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर उमटवणारे कंठगायन ही त्यांची ओळख. ‘द गेरेग’ (२०१९) हा त्यांचा पहिला अल्बम जगभर पोहोचला आणि २०२२ मध्ये युनेस्कोने त्यांना ‘शांततेसाठी कलावंत’ हा सन्मान दिला.

भारतीय वळण

भारतातही हा प्रवाह रुजला आहे. दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल आणि बासरीला हिंदी-पंजाबी शब्दांची जोड देत २०१९ मध्ये जर्मनीतील वाकन महोत्सव गाठला. ‘रक्षक’ हा त्यांचा अल्बम २०२२ मध्ये आला. मुंबईच्या डीमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ या अल्बममधून विष्णूच्या अवतारांची कथा मांडली. संबळ, हलगी आणि दिमडी यांच्या प्रदेशात अशा प्रयोगांना अजून बराच वाव आहे.

अशा प्रयोगांचा कस कसा लावावा? गाण्यातून लोकवाद्य मनातल्या मनात काढून टाकावे. उरलेले गाणे जसेच्या तसे चालत असेल, तर ते वाद्य केवळ शोभेपुरते होते. गाणेच कोसळत असेल, तर लोकपरंपरा त्या गाण्याच्या हाडामांसात आहे. कीबोर्डवरील तयार बासरीचा आवाज चिकटवून ‘फोक’ म्हणवणारे अनेक बँड या कसोटीवर उतरत नाहीत. मोरिन खूर काढून घेतल्यास ‘द हू’चे संगीत मात्र उभेच राहणार नाही.

सुरुवात कुठून करावी?

• ओपेथ, ‘डॅम्नेशन’ (२००३) : गुरगुरणारे गायन अजिबात नसल्याने नवख्या श्रोत्यासाठी सोयीचा अल्बम.

• ओपेथ, ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) : स्टीव्हन विल्सन यांच्या सहनिर्मितीतील, मृदू आणि कठोर यांचा तोल साधणारी कृती. ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ (२०२४) मध्ये याच बँडला इयन अँडरसन यांच्या बासरीची साथ लाभली आहे.

• एल्युवेटी, ‘इव्होकेशन १’ (२००९) : जवळजवळ पूर्णतः लोकवाद्यांवरचा, गॉलिश भाषेतील अल्बम.

• ऑर्फन्ड लँड, ‘मबूल’ (२००४) : शक्यतो सुरुवातीपासून अखेरपर्यंत सलग ऐकावा.

• द हू, ‘द गेरेग’ (२०१९) : ठेका सोपा, त्यामुळे कंठगायनाकडे लक्ष देता येते.