नोटीस आली, मुदत सुरू झाली

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकून सुकेळी खिंड उतरली की कोलाडच्या अलीकडे खांब गाव लागतं. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं. ते किती रेंगाळलं हे गणपतीला गावी निघणाऱ्या प्रत्येकाच्या कंबरेला ठाऊक आहे. रस्ताच नको म्हणणारा माणूस या पट्ट्यात शोधून सापडायचा नाही. भांडण असतं ते जमीन किती जाणार, कोणत्या भावाने जाणार आणि पैसे नेमके कोणाच्या खात्यात पडणार, याचं.

सरकारने जमीन घेणं म्हणजे निव्वळ अन्याय, असंही या भागात कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कुंडलिका उन्हाळ्यातही आटत नाही, कारण भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारं मुळशी धरणाचं पाणी तिच्यात येतं. त्या धरणासाठी टाटा कंपनीला मावळातली जमीन मिळवून दिली ती 1894 च्या भूसंपादन कायद्याने. 1921 च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि तरीही गावं बुडाली. घाटावर घरं गेली आणि घाटाखाली डोलवहाळच्या बंधाऱ्यामुळे रोह्याच्या खाचरांत दुसरं भात उभं राहिलं. कोलाडला राफ्टिंगसाठी येणारी मंडळी याच पाण्यावर होड्या सोडतात. एकाचा मोबदला बुडतो आणि लाभ दुसऱ्याच्याच दारात जातो, हा हिशेब या कायद्याच्या पोटात पहिल्यापासून आहे.

मुळशी हरली, पेण जिंकलं. का जिंकलं, याचं उत्तर सभेतल्या भाषणांत अर्धंच सापडतं.

महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 45 गावांची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन हवी होती. ती हवी होती रिलायन्सच्या प्रकल्पाला, आणि घेऊन देणार होतं सरकार, त्याच 1894 च्या कायद्याने. पेणमधली 22 गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. धरण बांधून झालं, पाणी नवी मुंबईकडे गेलं, शेताला कालवा येतोच आहे म्हणून शेतकरी वाट पाहत राहिला, आणि कालव्याऐवजी आली ती नोटीस. ओलिताखाली यायची जमीन कारखान्याला कशी देता, हा शेतकऱ्यांचा प्रश्न बिनतोड होता. शेकापचे नेते प्रा. एन. डी. पाटलांनी तो गावोगाव नेला. 21 सप्टेंबर 2008 रोजी जिल्हा प्रशासनाने या गावांत चक्क मतदान घेतलं. जमिनीच्या प्रश्नावर सरकारने मतपेट्या ठेवण्याचा देशातला हा बहुधा पहिलाच प्रसंग. मतदारांनी प्रचंड बहुमताने नकार दिला.

पण त्या मतदानाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. प्रकल्प मोडला तो 1894 च्या कायद्यातल्या कलम 11 अ मुळे. अधिसूचना पक्की झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर संपादन आपोआप रद्द होतं, असं ते कलम सांगत होतं. हरकती, सुनावण्या, मोर्चे आणि मतदान यांत ती दोन वर्षं सरली. जून 2009 मध्ये मुदत संपली आणि नोटिशी रद्दी झाल्या. माझं मत असं, की लोकांच्या रेट्याने दिवस खाल्ले आणि त्या दिवसांनी जमीन वाचवली. नुसता मोर्चा असता तर तो लाठीने पांगला असता. नुसता वकील असता तर निवाडा केव्हाच होऊन गेला असता.

पुढे कायदा बदलला, पण त्याआधी घटना काय सांगते ते पाहू. मालमत्तेचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीने 1978 मध्ये मूलभूत हक्कांतून काढला होता. उरलं होतं ते कलम 300 अ : कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. या एका ओळीत सात हक्क आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, खरं सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, वेळेत कारवाई आणि कारवाईची रीतसर सांगता. सरकारने वर्षानुवर्षं जमीन वापरली म्हणून ती सरकारची होत नाही, हे त्याआधी 2020 मध्येच विद्या देवींच्या खटल्यात ठरलं होतं. हिमाचलातल्या या बाईंची जमीन 1967-68 च्या सुमाराला रस्त्यात गेली होती, ना नोटीस ना पैसा.

2013 चा नवा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी 80 टक्के बाधितांची संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास, मोबदल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, असं बरंच त्याने दिलं. महाराष्ट्राने 2018 मध्ये दुरुस्ती करून औद्योगिक क्षेत्रं, पाटबंधारे, पायाभूत सुविधा अशा कामांना त्यातल्या अटींतून सूट देण्याची सोय करून ठेवली. एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्या हाताने ताट ओढायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत.

राष्ट्रीय महामार्गाचं गणित आणखी वेगळं, आणि खांबसारख्या रस्त्यालगतच्या गावाने ते पाठ करावं असं आहे. महामार्ग कायद्यातल्या कलम तीन-अ ची अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस. वर्षभरात तीन-ड ची घोषणा झाली नाही तर आधीची अधिसूचना रद्द. ती घोषणा झाली की मोबदल्याचा रुपया मिळण्याआधीच जमीन केंद्र सरकारच्या नावे होते. मग भांडण उरतं ते फक्त पैशाचं, तेही लवादापुढे. महामार्ग कायद्याने शेतकऱ्याला दिलासा रक्कमच नाकारली होती. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तरसेम सिंग यांच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवली.

मोबदल्याचा भाव ठरवताना एक बाजू असते रेडी रेकनरची, दुसरी मागच्या तीन वर्षांतल्या परिसरातल्या खरेदीखतांची. मुद्रांक शुल्क वाचवायला खतावर कमी आकडा लिहिण्याची सवय इथे अंगावर येते. गावाने बुडवलेलं मुद्रांक शुल्क गावाच्याच मोबदल्यातून वसूल होतं, हे प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर कळतं.

त्याच कचेरीत पैसे घेताना कागदावर सही मागतात. जमीन महामार्ग कायद्याने नव्हे तर 2013 च्या कायद्याने जात असेल, तर त्यातलं कलम 77 लागू होतं. रक्कम तक्रारीसह स्वीकारली असं लिहिलं नाही, तर पुढे वाढीव मोबदल्याचा दावाच करता येत नाही. सहीच्या वर तीन शब्द लिहायचे, ‘तक्रार राखून स्वीकारली’, आणि तारखेसकट त्या कागदाची प्रत घरी आणायची. वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 चा अर्ज सहा आठवड्यांत गेला पाहिजे, हेही तेवढंच लक्षात ठेवायचं. थेट खरेदीला राजी झालात आणि खरेदीखत करून दिलंत, की मात्र हे दार बंद.

ज्यांना नोटीसच येत नाही त्यांची गोष्ट निराळी. पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर कातकरी आणि ठाकूर पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या दळी जमिनी कसतात. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून हरकतीच्या यादीतही नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा मंजूर करून घेणं हाच त्यांचा बचाव, आणि तो प्रकल्प जाहीर होण्याआधी केलेला बरा.

पेणमध्ये उलटा देखावाही आहे. पेण अर्बन बँक 2010 मध्ये बुडाली आणि सुमारे दोन लाख ठेवीदार रस्त्यावर आले. बँकेच्या पैशातून घेतलेल्या जमिनींवर जप्ती आली. सेझची नोटीस परतवणाऱ्या तालुक्यात हे ठेवीदार मग जप्त जमिनी विकून आमचे पैसे द्या म्हणून वर्षानुवर्षं उंबरे झिजवत राहिले. सरकारने घेतलेली मालमत्ता पुढे कोणाच्या हाती पोचते, हा प्रश्न घेतानाच विचारायला हवा, तो यासाठी.

आता पुन्हा कागद फिरू लागले आहेत. विरार-अलिबाग मार्गिकेचा पहिला टप्पा पेण तालुक्यात बलवलीला येतो. 2024 मध्ये उरण, पनवेल, पेणमधल्या 124 गावांच्या नव्या शहरासाठी एमएमआरडीएला नियोजन प्राधिकरण नेमण्यात आलं. महामार्गावरून खाली सरकत ही हवा रोह्याकडे यायला वेळ लागणार नाही.

या सगळ्यात शेतकरी हरतो तो बहुधा घरातच. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच. नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघते, 21 दिवस संपतात, आणि मग बहिणींची नावं लावायची की नाही यावरून मोबदला न्यायालयात अडकतो. दिवाळीला मुंबई-ठाण्याची भावंडं गावी येतीलच. भाऊबीजेच्या दुपारी सातबारा आणि आठ-अ काढा, वारसनोंदीचा अर्ज बहिणींच्या नावांसकट तलाठ्याकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परतीची गाडी पकडू नका.