समुद्रावरचा जकातनाका : पोर्तुगीज साम्राज्याचा उदय आणि अस्त

युरोपीय सत्तांपैकी समुद्रमार्गाने हिंदुस्थानात सर्वांत आधी आले ते पोर्तुगीज आणि सर्वांत शेवटी गेले तेही पोर्तुगीजच. १४९८च्या मे महिन्यात वास्को द गामा कालिकतजवळ उतरला, तेव्हा त्याच्या देशाची लोकसंख्या जेमतेम दहा लाखांच्या आसपास होती. एवढ्या माणसांवर मोठा मुलूख जिंकून राखणे अशक्य होते. हे अफोन्सो द अल्बुकर्कने ओळखले. मुलुखाच्या मागे न लागता त्याने मोक्याची बंदरे धरली. १५१०मध्ये गोवा, १५११मध्ये मलाक्का, १५१५मध्ये होर्मुझ.

या बंदरांच्या जोरावर अरबी समुद्राचा जकातनाका झाला. प्रत्येक व्यापारी जहाजाने ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यायचा आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरायची. परवान्यात जहाजाचा आकार, नाखव्याचे नाव, जहाजावरची हत्यारे, जायचे ठिकाण, सारे नोंदलेले असे. परवाना नसेल तर जहाज मालासकट जप्त. हजला जाणाऱ्या मुघल जहाजांचीही यातून सुटका नव्हती.

पण परवाना देणाऱ्यानेच तो पाळला नाही तर? १६१३मध्ये पोर्तुगीजांनी सुरतेजवळ ‘रहिमी’ हे जहाज पकडले. परवाना रीतसर होता आणि जहाज होते खुद्द जहांगीर बादशहाच्या आईचे! बादशहाने चिडून दमणवर फौज धाडली. सुरतेत नुकत्याच आलेल्या इंग्रजांचे मात्र आयतेच फावले.

तोवर उतरती कळा लागलीच होती. १५८०मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि स्पेनचे हाडवैरी डच पोर्तुगीजांच्याही मुळावर उठले. भांडवल, जहाजे, तोफा, सगळ्यांतच डच वरचढ होते. १६२२मध्ये इराणी फौजेने इंग्रजांच्या मदतीने होर्मुझ घेतले. मलाक्का १६४१मध्ये, कोलंबो १६५६मध्ये आणि कोची १६६३मध्ये डचांच्या हाती पडले. मधल्या काळात, १६६१च्या तहाने, मुंबई इंग्लंडच्या राजाला राजकन्येच्या हुंड्यात देऊन झाली होती.

कोकणात उरले होते वसई ते चौलपर्यंतचे उत्तर फिरंगाण. वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४च्या तहात मिळालेली. इथे जमीनदारी होती, गढ्या होत्या, चर्चेस होती. धर्माच्या नावाखाली जाचही होता. मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केली. तिथल्या चर्चची घंटा भीमाशंकरच्या देवळात आजही पाहायला मिळते. चौलजवळच्या कोर्लई गावात तर पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली ख्रिस्ती वस्तीत अजून बोलली जाते.

पूर्वेतली कमाई आटली तरी साम्राज्य तगले ते ब्राझीलच्या साखरेवर आणि सोन्यावर, आणि त्यासाठी राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या घामावर. १८२२मध्ये ब्राझीलही स्वतंत्र झाला. मग सारी भिस्त अंगोला आणि मोझांबिकवर आली.

विसाव्या शतकात इंग्रज, फ्रेंच, डच वसाहतींतून काढता पाय घेत असताना हुकूमशहा सालाझारने उलटी वाट धरली. १९५१मध्ये वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायचे ठरले, म्हणजे सोडण्याचा प्रश्नच मिटला! डिसेंबर १९६१मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा त्याचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी विनाकारण रक्त न सांडता १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. मायदेशी त्याची शिक्षा म्हणून त्यांना लष्करातून बडतर्फ केले गेले.

गोव्यावरून शहाणपण आले नाही. अंगोलात तर गोव्याच्या आधीच, १९६१मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते; १९६३मध्ये गिनी-बिसाऊत आणि १९६४मध्ये मोझांबिकमध्येही ते पेटले. देशाचा पैसा आणि तरुण पिढी त्यांत खर्ची पडत राहिली. अखेर वसाहती राखायला पाठवलेल्या अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनची राजवट उलथून टाकली. पुढच्याच वर्षी अंगोला आणि मोझांबिक स्वतंत्र झाले. मकाव १९९९मध्ये चीनकडे गेले.

गोवा भारताचा आहे, हे पोर्तुगालने तहावर सही करून मान्य केले ते डिसेंबर १९७४मध्ये. जे १९६१मध्ये दिसत होते ते कबूल करायला तेरा वर्षे लागली आणि त्या हट्टाची किंमत आफ्रिकेतल्या हजारो माणसांनी जिवानिशी मोजली.