घरचा संगणक : जुना पडदा आणि रुंद पान
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात पडद्यावरील अक्षराचे वळण कसे ठरते हे आपण पाहिले. आज त्याच्या शेजारचा, परंतु अधिक जाच करणारा प्रश्न हाती घेऊ. संकेतस्थळाचे पान पडद्यात मावेनासे झाले, तर काय करावे?

प्रसंग माझ्याच घरचा आहे. भोसल्यांच्या अमदानीत या मुलखात येऊन राहिलेल्या आमच्या घराण्याची थोडी जमीन अद्याप रायपूरजवळच्या एका खेड्यात आहे, आणि जिच्या खसऱ्याची नि बी-१ची नक्कल मिळविण्यासाठी वडिलांना हेलपाटे घालावे लागत, तिची नोंद आता छत्तीसगड शासनाच्या ‘भुइयाँ’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. म्हणून रायपुरातील तात्यापाऱ्यातल्या घरी, भाच्याने टाकून दिलेल्या पंधरा इंची मॉनिटरपुढे मी एके सकाळी चष्मा पुसून बसलो. भूस्वामीचे नाव दिसले, खसरा क्रमांक दिसला. रकबा, म्हणजे जमिनीचे क्षेत्र, मात्र उजव्या काठापलीकडे राहिला. तळची पट्टी सरकवून रकबा आणावा, तो नाव अदृश्य व्हावे. शेवटी कोणती ओळ कोणाची हे चुकू नये म्हणून काचेवर बोट टेकवून बसण्याची पाळी आली.

दोष त्या तक्त्याचा नव्हता, माझ्या पडद्याचा होता. पडदा हा पिक्सेल नामक सूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला असतो, आणि माझ्या मॉनिटरवर ते आडवे १०२४ व उभे ७६८ आहेत. एके काळी हेच माप सर्वमान्य असल्यामुळे पाने रचणारे आपला मजकूर सुमारे ९६० ठिपक्यांच्या रुंदीत बसवीत. परंतु संकेतस्थळांच्या वापराची मोजदाद ठेवणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या गणनेनुसार २०१२ साली १३६६ ठिपके रुंदीच्या पडद्यांनी जगभर त्याला मागे टाकले, आणि पानेही त्या मानाने ऐसपैस झाली. पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपणच आटोपशीर होणाऱ्या पानांची कल्पना संकेतस्थळांचे रचनाकार ईथन मार्कॉट यांनी २०१० साली मांडली व ती रूढही झाली. तथापि परिच्छेदाची घडी घालता येते, तशी दहा रकान्यांच्या तक्त्याची घालता येत नाही.

उपाय तीन आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला रिझोल्यूशनचा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले अशा वाटेने गेल्यास त्याची यादी उघडते. तीतील शिफारस केलेले माप हेच चपट्या मॉनिटरचे स्वाभाविक माप होय, कारण त्याचे ठिपके कारखान्यातच कायमचे बसविलेले असतात. दुसरे माप निवडल्यास अक्षरे धूसर होतात, आणि १२८० बाय १०२४ च्या चौकोनी पडद्यावर रुंद पडद्याचे माप लादल्यास वर्तुळाचे अंडे होते. यादीत योग्य माप नसेलच, तर बहुधा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर घालावयाचा राहिलेला असतो.

दुसरा उपाय त्याच खिडकीतील ‘स्केल’चा. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून कोणीतरी तेथे १२५ टक्के करून ठेवलेले असते, आणि मग १२८० ठिपक्यांच्या पडद्यावर १०२४ इतकीच जागा उरते. ते १०० वर आणावे.

एवढे करूनही पान मावत नसेल, तर तिसरा उपाय, म्हणजे ब्राउझरचा झूम : कंट्रोलची कळ दाबून धरून वजाचे चिन्ह दाबावे. हिशेब त्रैराशिकाचा आहे. पान १२८० ठिपके रुंद आणि पडदा १०२४ असेल तर ८० टक्के, पान १३६६ असेल तर ७५ टक्के. कंट्रोल आणि शून्य दाबल्यास पान पूर्ववत होते, आणि ब्राउझर त्या संकेतस्थळापुरते हे प्रमाण ध्यानात ठेवीत असल्याने रोजचा खटाटोप उरत नाही. मर्यादा आहे ती आपल्या लिपीची : ७५ च्या खाली उतरल्यावर अनुस्वार शिरोरेषेत विरघळतात, ‘कंवर’ हे आडनाव ‘कवर’ असे भासू लागते, आणि जमिनीच्या कागदात टिंबाची चूक ही चूकच असते. अशा वेळी पान लहान करण्यापेक्षा पट्टी सरकविणे बरे.

माझे काम ८० वर भागले. नाव, खसरा आणि रकबा एका ओळीत आले. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या माझ्या समवयस्कांना मी हेच सांगत असतो, वाचकांनाही सांगतो : आधी पडदा त्याच्या मूळ मापावर आणा, मगच पान लहान करा, आणि या दोन गोष्टी करून पाहिल्याशिवाय नव्या मॉनिटरसाठी खिशात हात घालू नका.

पुढील लेखांकी, हाच रुंद तक्ता कागदावर छापताना त्याचा उजवा काठ का कापला जातो, ते पाहू.