मोबाईलमधले गेम: खेळणारे आपण, बनवणारे कोण?



गटाच्या बैठकीत मुलांच्या मोबाईलचा विषय निघाला की बहुतेकींची तक्रार एकच असते, "पोरगं दिवसभर गेम खेळतंय." काळजी खरी आहे. पण या गेमची दुसरी बाजू आपल्या बोलण्यात फारशी येत नाही. हे गेम कुणीतरी बनवतं. तो एक उद्योग आहे, आपल्या देशात आहे, पुण्या-मुंबईतही आहे. चित्र काढणाऱ्या, गोष्ट रचणाऱ्या, गणितात पक्क्या असणाऱ्या मुलामुलींना त्यात पगाराचं काम मिळतं. दहावी-बारावीनंतर काय, हा प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांनी हा उद्योग समजून घ्यायला हवा. त्याची ताकद कशात आहे, तो कुठे कमी पडतो आणि गेमच्या नावाखाली आपला खिसा कोण कापतं, हे या लेखात बघू.

गेम म्हणजे अनेक हातांचं काम

पापडाचा उद्योग एकटीने होत नाही. एक पीठ मळते, दुसऱ्या लाटतात, कुणी वाळवण बघतं, कुणी वजन करून पाकिटं भरतं आणि एखादी बाजार सांभाळते. गेमचंही असंच असतं.

खेळाचे नियम ठरवणारा असतो तो गेम डिझायनर. कुठे अडचण यावी, कुठे बक्षीस मिळावं, हे तो ठरवतो. चित्रकार माणसं, घरं, झाडं, कपडे काढतात. ॲनिमेटर त्या चित्रांना चालायला, पळायला लावतात. प्रोग्रामर संगणकाला सूचना लिहून देतात, म्हणून बोट लावलं की सोंगटी पुढे सरकते. कुणी आवाज आणि संगीत देतं. टेस्टर तोच गेम शंभर वेळा खेळून त्यातल्या चुका शोधतात. शिवाय भाषांतर करणारे आणि हिशोब बघणारेही लागतात.

"गेम तर फुकट मिळतो, मग यांचा पगार निघतो कुठून?" असं तुम्ही विचाराल. काही गेम विकतच घ्यावे लागतात. फुकट गेममध्ये मधूनमधून जाहिराती दिसतात, त्या जाहिरातदाराकडून पैसे येतात. काही जण गेममधल्या नव्या कपड्यांसाठी किंवा जादा संधीसाठी थोडे पैसे देतात. एकेकाकडून येतात थोडेच, पण खेळणारे कोटीत असले की रक्कम मोठी होते.

पहिली ताकद: खेळणारे कोट्यवधी लोक

लुडो किंग तुमच्यापैकी अनेकींनी खेळला असेल. तो नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने बनवला. कंपनीचे संस्थापक विकाश जैस्वाल मूळचे पाटण्याचे. गेम आला २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षी देशात मोबाईलचं इंटरनेट एकदम स्वस्त झालं. साध्या फोनवर चालणारा, शिकवावा न लागणारा, घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचा असा हा खेळ. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी लोक अडकून पडले, तेव्हा तर तो देशभर पसरला.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. लुडो आला आपल्या पचिसीवरून. आजी-पणजी कवड्या टाकून सोंगट्या खेळायच्या, तोच हा वंश. इंग्लंडमध्ये त्याला चौकोनी फासा जोडून १८९६ मध्ये 'लुडो' नावाने पेटंट घेतलं गेलं. खेळ आपला, पण कागद दुसऱ्याच्या नावावर. मग तोच खेळ पुठ्ठ्याच्या डब्यातून विकत आपल्याकडे परत आला. नव्या काळात मोबाईलवरच्या लुडोची कमाई मात्र नवी मुंबईत आली, कारण यावेळी बनवणारा आणि मालक इथलाच होता. मालकीचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी ताकद: तयार हात

बंगळुरूत राजेश राव यांनी १९९७ मध्ये ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली. देशातल्या अगदी पहिल्या गेम कंपन्यांपैकी ती एक. परदेशी कंपन्यांच्या गेमसाठी गाड्या, इमारती, पात्रं अशी चित्रं तिथे तयार व्हायची. पुण्यात फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. अशा ठिकाणी काम करून आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली हे काम शिकली. जगातल्या मोठमोठ्या गेममध्ये भारतात बसून केलेलं काम असतं, फक्त खेळणाऱ्याला ते कळत नाही.

या कामात बायकाही आहेत. पूर्णिमा सीतारामन या गेम डिझायनरचं नाव २०२० मध्ये 'विमेन इन गेम्स'च्या जागतिक मानाच्या यादीत घेतलं गेलं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

तिसरी ताकद: आपल्या गोष्टी

गोष्टींचा साठा आपल्याकडे किती आहे, ते तुम्हाला सांगायला नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम आणला. राजी ही कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला सोडवायला ती निघते. त्यात आपल्याकडच्या पुराणकथा आहेत, राजस्थानी धाटणीचे वाडे-किल्ले आहेत. त्या वर्षी अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये नवख्या स्टुडिओंसाठीच्या पुरस्काराला 'राजी'ला नामांकन मिळालं.

पण तिथवर पोचणं सोपं नव्हतं. २०१७ मध्ये या मंडळींनी इंटरनेटवरून वर्गणी मागितली, तेव्हा हवी तेवढी रक्कम जमली नाही. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. भांडवल नसताना धंदा उभा करणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी तर २०१६ मध्ये मुलींच्या तस्करीवर 'मिसिंग' हा गेम काढला. पळवून विकलेल्या मुलीच्या जागी खेळणारा स्वतः असतो. सुटायचं कसं, कुणावर विश्वास ठेवायचा, हे त्याला ठरवावं लागतं. भाषणाने जे पोचत नाही ते अशा खेळाने पोचू शकतं.

मग कमी कुठे पडतं?

शिलाईचं काम घेणाऱ्या सख्यांना हे लगेच कळेल. ठेकेदार कापड कापून आणून देतो, आपण शिवतो, नगाप्रमाणे मजुरी मिळते. कपड्यावर नाव त्याचं, बाजार त्याचा, नफाही त्याचा. त्याने काम दुसरीकडे दिलं की आपलं मशीन बंद.

आपल्या गेम उद्योगातलं बरंचसं काम अजून असंच आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चं उदाहरण घ्या. हा जगभर गाजलेला जुना गेम. तो नव्याने बनवायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. आपल्याकडच्या मुलांसाठी केवढी मोठी गोष्ट! पण पहिली झलक बघून खेळणाऱ्यांनी चित्रांवर टीका केली, आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. गेम ज्याचा, निर्णय त्याचा. ध्रुव इंटरॅक्टिव्हही पुढे परदेशी कंपन्यांच्या ताब्यात गेली.

म्हणजे नगावरचं काम वाईट असं नाही. आपणही आधी शिवून-शिवूनच हात बसवला. पण खरी वाढ होते ती स्वतःचा माल, स्वतःच्या नावाने विकला की. गेम उद्योगाचंही तेच आहे. हात आहेत, खेळणारे आहेत, गोष्टी आहेत. आता मालकी आपल्याकडे यायला हवी. सरकारचंही इकडे लक्ष गेलं आहे. २०२५ मध्ये मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, आणि ॲनिमेशन-गेमिंगसाठी महाराष्ट्राने वेगळं धोरण मंजूर केलं.

गेम वेगळा, जुगार वेगळा

आता सगळ्यात महत्त्वाचं. "हजार भरा, दहा हजार जिंका" म्हणणारं ॲप हा जुगार आहे, मग त्यात पत्ते असोत नाहीतर क्रिकेटची टीम. अशा ॲपपायी घरं बुडाली. गटातून घेतलेलं कर्जही त्यात गेल्याचं ऐकू येतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम त्याने बंद केले. 'हा नशिबाचा नाही, डोक्याचा खेळ आहे' ही सबबही आता चालत नाही. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे घरात कुणी अडकलं असेल तर लपवू नका. साधे करमणुकीचे गेम आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे गेमच्या स्पर्धा यांना मात्र याच कायद्याने मान्यता दिली आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. जिंकून पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरायला सांगतं ते ॲप फोनमधून काढून टाका. फसवणूक होऊन पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर कराल तितके पैसे परत मिळणं अवघड.

घरात कुणाला आवड असेल तर

नुसतं गेम खेळता येतो म्हणून बनवता येतो असं नाही. दिवसभर जेवणारा माणूस आचारी होत नाही. मुलगा किंवा मुलगी स्वतःहून चित्रं काढते का, गोष्टी रचते का, संगणकावर काही करून बघते का, ते पाहा. मग पुढचं ठरवा.

• आधी फुकटात शिकू द्या. लहान मुलांसाठी 'स्क्रॅच', चित्रं आणि ॲनिमेशनसाठी 'ब्लेंडर', गेम जोडण्यासाठी 'गोडो' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ब्लेंडरचे धडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्येही आहेत. घरी संगणक नसेल तर शाळेतला संगणक सुट्टीत वापरता येईल का, हे ग्रामसंघातून विचारा.

• सरकारी वाट बघा. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी 'युसीड' ही परीक्षा असते, त्यातून आयआयटीत प्रवेश मिळतो. एनआयडी या केंद्र सरकारच्या संस्थेत पदवीनंतर गेम डिझाइन शिकवलं जातं.

• खाजगी क्लासची फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. मागच्या वर्षीची मुलं आज कुठे काम करतात? त्यांच्याशी बोलता येईल का? शिकवणाऱ्याने स्वतः कुठला गेम बनवला आहे? मध्येच सोडलं तर फी परत मिळते का? उत्तरं गोलमोल आली तर कर्ज काढू नका.

• या क्षेत्रात दाखल्याइतकंच हातचं काम बघतात. वर्षभरात केलेली दहा चित्रं किंवा चालणारा एक छोटा गेम जपून ठेवायला सांगा. नोकरीच्या वेळी तेच दाखवायचं असतं.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाच्या घरात पैसे लावायचं ॲप आहे आणि कुणाची मुलगी वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढते, दोन्ही विचारा. पहिलीला त्यातून बाहेर पडायला मदत करा, आणि दुसरीची वही एकदा सगळ्याजणी मिळून बघा.